सलाम पुरे, रजा द्या

यंदाही आलंच ते. ११ जुलै उजाडायचा अवकाश, सोसायटीच्या ग्रुपवर धावत्या लोकलचं चित्र, दाराला लटकलेली माणसं, खाली ‘मुंबई कधीच थांबत नाही’ आणि पुढे चार उद्गारचिन्हं. (उद्गारचिन्हाशी माझं जुनं वाकडं आहे. एकाने भागत नसेल तर वाक्यातच दम नाही असं समजावं.) स्टेशनाबाहेर त्याच मजकुराचा बॅनर, वर नऊ हसरे चेहरे. श्रद्धांजलीच्या बॅनरवर हसायचं काय असतं?

थांबत नाही म्हणे. २००६ साली याच तारखेला संध्याकाळी ६.२४ पासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोडच्या पुढे. १८० हून जास्त माणसं गेली. आणि १२ तारखेला सकाळी अंधेरीच्या फलाटावर पुन्हा गर्दी होती, हे खरं. का होती? मस्टर होतं म्हणून. घराचा हप्ता होता, रजा संपलेली होती, साहेब फोनवर ‘गाड्या चालू आहेत ना?’ एवढंच विचारत होता म्हणून. याला शौर्य म्हणायचं तर दर सोमवारी विरारपासून चर्चगेटपर्यंत पदकं वाटावी लागतील. या कौतुकाची खरी सोय अशी, की ते फुकट पडतं. माणसाला शूर म्हटलं की त्याला सुट्टी द्यावी लागत नाही, समुपदेशक नेमावा लागत नाही, ‘झोप लागते का’ असं विचारावंही लागत नाही. शूराला कसली आली झोप!

(हे उद्गारचिन्ह माझं. एकच आहे.)

बाकी झोप लागत नाही म्हणणाऱ्याला ‘पुरुषासारखा पुरुष, घाबरतोस काय’ आणि ‘देवाचं नाव घ्या’ वगैरे ऐकवणं आहेच.

ओळखीतले एक गृहस्थ आहेत, कांदिवलीचे. त्या दिवशी ते फुटलेल्या डब्याच्या शेजारच्या डब्यात होते. अंगावर ओरखडा नाही, त्यामुळे जखमींच्या यादीत नाव नाही. घरच्यांच्या लेखी त्यांना काही झालंच नव्हतं. पुढे फर्स्ट क्लासचा पास खिशात असूनही ते सेकंडच्या दाराशी लटकून जायचे, कारण आत शिरलं की घाम फुटायचा. रॅकवर बेवारस पिशवी दिसली की पुढच्या स्टेशनाला उतरायचे. गोविंदाच्या आवाजी दिवसांत घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. बायको म्हणायची, स्वभावच तापट. म्हणजे ग्रुपवरच्या चित्रात दाराला लटकलेले, ज्यांना आपण सलाम ठोकतो, ते हेच. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने त्या स्फोटांच्या प्रकरणात बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं, तेव्हा टीव्हीवर ते डबे दिवसभर पुन्हा फुटत राहिले. त्यानंतर त्यांची झोप पार गेली, आणि मुलीने हात धरून डॉक्टरकडे नेलं.

अशा प्रसंगातून गेलेल्या सगळ्यांचं असं होत नाही; बहुतेक जण काही आठवड्यांत आपसूक सावरतात. पण महिना उलटूनही तोच प्रसंग दिवसाढवळ्या आणि स्वप्नात परत येत असेल, त्याची आठवण टाळायला माणूस वाट वाकडी करून जात असेल, टाचणी पडली तरी दचकत असेल, तर तो स्वभाव नव्हे. डॉक्टर त्याला पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. या गृहस्थांना समुपदेशिकेने आधी नुसतं फलाटावर बसवलं. मग बोरिवली ते कांदिवली, एकच स्टेशन, दुपारच्या रिकाम्या गाडीत. घाम फुटला तरी उतरायचं नाही, तो ओसरेपर्यंत बसायचं. सोबत ती संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायची. गरज पडली तर नैराश्यावरची औषधंही यात कामी येतात. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी नाही. हे दर आठवड्याला, गुरुवारी दुपारी, काही महिने. नोकरीत असताना त्यांनी यासाठी गुरुवारची दुपार मागितली असती तर साहेब काय म्हणाला असता, ते मला पाठ आहे.

बरं, बॅनर काही थांबायचे नाहीत. तेव्हा पुढच्या जुलैला निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर त्यावर छापा. नऊ चेहऱ्यांतून जागा उरली तर.