उपासकाच्या घरातील कामकरी मुलगी



आपल्या घरी पाहुणा आला आणि तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाहून त्याने "ही कोण?" असे विचारले, तर आपण काय उत्तर देतो? "घरातलीच आहे," असे आपण सांगतो. हे उत्तर मीही अनेकदा दिले आहे. त्यात सत्य किती आणि असत्य किती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. कोणी म्हणेल, हा घरगुती प्रश्न, त्यात धम्माचा काय संबंध? परंतु विहारात आपण जे बोलतो ते आपल्या उंबरठ्याच्या आत टिकते की नाही, याची परीक्षा याच ठिकाणी होते.

प्रथम परिस्थिती पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने आले आणि हा पट्टा मोशीवरून चाकणपर्यंत पोहोचला. मराठवाडा-विदर्भातून आपली माणसे पोटासाठी येथे आली. पहिल्या पिढीत पुरुष कारखान्यात जाई आणि बाई दुसऱ्याच्या घरी धुण्याभांड्याला जाई. आज अनेक घरांत मुलगा आणि सून दोघेही पाळीने कंपनीत जातात. पहिल्या पाळीची बस पहाटेच येते. मग तान्हे मूल कोणी पाहावे? अशा वेळी गावाकडून नात्यातली किंवा ओळखीची एखादी मुलगी आणली जाते. तिचे राहणे-खाणे आपल्याकडे. "इथं तिचं पुढचं शिक्षण करू," असे वचन तिच्या आईबापांना दिले जाते. पगाराचे नाव कोणी काढीत नाही, कारण मध्ये नाते असते.

आमच्या घरीही असेच झाले. सुनेच्या माहेरकडची, परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातली, बारावी झालेली अठरा वर्षांची मुलगी आम्ही आणली. नर्सिंगला घालू, असे मी स्वतः तिच्या वडिलांना सांगितले होते. मुलगी गुणी होती. पहाटे पाच वाजता उठून ती डबे करी, दिवसभर नातवाला पाही, दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री परत आला की त्याला जेवण वाढी आणि सर्वांची निजानीज झाल्यावर बैठकीच्या खोलीत अंथरूण टाकी. सणाला कपडे घेतले, आजारी पडली तेव्हा डॉक्टरकडे नेले. आम्ही तिला कधी उणेदुणे बोललो नाही. त्यामुळे आपण फार चांगले वागतो, अशी माझी समजूत होती.

एके संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचत असता ती जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, फॉर्मची तारीख सरली की." मी विचारले, "मग आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मावशीला दोनदा बोलले होते. पण बाळाला ताप होता ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती नव्हती, हेच मला अधिक लागले. सून वाईट नव्हे, मुलगा वाईट नव्हे. आम्हां तिघांपैकी कोणालाही ती तारीख आठवली नाही, एवढेच. नातवाच्या लसीची तारीख मात्र तिघांच्याही ध्यानात होती. एका मुलीचे एक वर्ष आमच्या घरात नाहीसे झाले आणि त्या दिवशीही तिने वेळेवर स्वयंपाक केला.

त्या रात्री मला माझी आई आठवली. ती पुण्यात एका बंगल्यावर भांडी घाशी. तेथे तिचा कानतुटका कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. आमच्या घरात वेगळा कप नव्हता. परंतु ती मुलगी सर्वांच्या मागून जेवते, उरेल ते जेवते आणि तिच्या कामाला घड्याळ नाही, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते.

बंधूंनो, कामाला घड्याळ नसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असेल? महार वतन म्हणजे दुसरे काय होते? चाकरीला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणीही जावे लागे. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा, बलुते, शिळी भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या पद्धतीविरुद्ध विधेयक मांडले. गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा त्यांच्या पश्चात १९५८ साली झाला. तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते आणि कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी सुधारणा १९४६ साली झाली. ज्या आठ तासांच्या पाळीवर आज आपला संसार उभा आहे, ती अशी मिळालेली आहे. स्वतः आठ तासांची पाळी संपवून घरी यावे आणि घरातल्या मुलीला अठरा तास उभे ठेवावे, याला काय म्हणावे? राहणे-खाणे आणि जुने कपडे देऊन अमर्याद चाकरी घेणे, हे वतनाचेच रूप नव्हे काय?

कोणी म्हणेल, आम्ही तिच्याशी गोड बोलतो. यासाठी तथागतांनी भिक्खूंना सांगितलेली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात येते. श्रावस्तीत वेदेहिका नावाची एक गृहिणी होती. ती शांत आणि सौम्य म्हणून गावभर तिची कीर्ती होती. तिची दासी काली कामात अत्यंत चोख होती. कालीच्या मनात आले, आमच्या बाईला राग येतच नाही, की माझे काम चोख असल्यामुळे तो दिसत नाही? परीक्षा पाहण्यासाठी ती एके दिवशी उशिरा उठली. बाईच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा उठली, तेव्हा बाईने कठोर शब्द ऐकवले. तिसऱ्या दिवशी दाराची खीळ डोक्यात घातली. काली रक्तबंबाळ डोक्याने शेजाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

या गोष्टीचा बोध स्पष्ट आहे. मालकिणीचा चांगुलपणा दासीच्या कष्टांवर उभा होता. आपल्या घरातही तेच तपासावे. मुलगी एक दिवस नाही म्हणाली, रविवारी मैत्रिणीकडे जाते म्हणाली, पैसे मागू लागली, तर आपला स्वर कसा होतो? "घरातलीच" असलेली मुलगी त्या क्षणी "शेफारलेली" होते काय? होत असेल, तर ती घरातली कधीच नव्हती.

मग तिच्याशी नाते कोणते ठेवावे? याचेही उत्तर तथागतांनी दिले आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला खऱ्या सहा दिशा समजावून सांगितल्या. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे दास व कामकरी माणसे. त्यांच्याविषयी गृहस्थाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम नेमून देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळोवेळी सुटी देणे. येथे "मुलीसारखे माना" असे म्हटलेले नाही. वेतन द्या, सुटी द्या, असे म्हटले आहे. प्रेम मनात असते, ते दिसत नाही आणि त्याचा हिशोबही मागता येत नाही. वेतन आणि सुटी यांचा हिशोब मागता येतो. ज्याचा हिशोब मागता येतो, तेच दुर्बळाच्या कामी येते.

माझा मुलगा कंपनीकडून प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. तेथे एका सहकाऱ्याच्या घरी मुले सांभाळण्यासाठी परदेशातून आलेली एक तरुणी राहत होती. अशा मुलीला युरोपात ओ पेअर म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ बरोबरीच्या नात्याने, असा आहे. यासंबंधी १९६९ साली स्ट्रासबर्ग येथे युरोपीय करार झाला. त्यात वय साधारण १७ ते ३०, काम दिवसाला पाच तासांहून अधिक नाही, आठवड्याला एक पूर्ण दिवस मोकळा, भाषा शिकायला वेळ, हातखर्चाला ठरलेली रक्कम आणि सर्व काही लेखी, असे ठरले. तेथेही लबाडी करणारी घरे असतीलच. परंतु बरोबरी हा शब्द वापरायचा तर त्यासाठी तास, पैसे आणि कागद लागतात, एवढे त्यांनी ओळखले.

आपल्याकडेही कष्टकरी बायांनी हे ओळखले आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. कायदा चौदाचे वय सांगतो. उपासकाने मात्र शाळेत जाणारी कोणतीही मुलगी शाळा सोडवून आणू नये.

आता पंचशीलाकडे येऊ. न दिलेले घेणार नाही, हे दुसरे शील आपण रोज म्हणतो. घरात कामाला कोणी असले की हे शील आपल्याला तिच्यासंबंधी आठवते. कपाटाला कुलूप लावले का, पैसे मोजून ठेवले का, इत्यादी. परंतु तिची झोप, तिचा रविवार, तिच्या फॉर्मची तारीख, हे तिने आपल्याला कधी दिले होते? जे तिने दिले नाही आणि आपण घेतले, त्याला दुसऱ्या शीलात कोणते नाव आहे?

"आम्हीच कर्ज काढून घराचे हप्ते भरतो, पगार कोठून द्यावा?" ही अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाही. परंतु आपल्या गरिबीचा भार आपल्याहून गरीब मुलीवर टाकणे, हा तिचा उपाय नव्हे. पुरेसे पैसे नसतील तर तिचे तास कमी करावे. घरातील पुरुषाने आपले ताट स्वतः धुवावे आणि पाळीवरून आल्यावर मूल स्वतः घ्यावे. पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची सोय हवी, असे २०१७ च्या कायदादुरुस्तीने ठरवले. ती मागणी युनियनने कंपनीपुढे ठेवावी. आपला हक्क मागायला आपण कचरतो आणि त्याची किंमत गावाकडच्या मुलीकडून वसूल करतो, हे योग्य नाही.

आमच्या घरी आम्ही पुढे काय केले ते सांगतो, बढाई म्हणून नव्हे. तिच्या नावाने बँकेत खाते उघडले. मागील महिन्यांचा हिशोब करून हप्त्याहप्त्याने रक्कम भरली. दुपारी दोन ते पाच आणि पूर्ण रविवार तिचा ठरवला. वहीत लिहून सर्वांनी सह्या केल्या, तिनेही केली. प्रथम सुनेला हे परकेपणाचे वाटले. परंतु पुढे असे दिसले की मुलगी घरात मोकळेपणी बोलू लागली, भाजी अळणी झाली असे सांगू लागली. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. गेलेले वर्ष मात्र आम्ही परत देऊ शकलो नाही.

कौशांबीची राणी सामावती हिची दासी खुज्जुत्तरा तथागतांचा उपदेश ऐकून आली, तेव्हा राणीने तिला उंच आसनावर बसवले आणि स्वतः खाली बसून तिच्याकडून धम्म ऐकला. पुढे बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. आपल्या घरातील मुलगी उद्या कोण होणार आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. तिला शिकण्यास वेळ मिळाला तरच ते कळेल.

डिसेंबर १९५४ मध्ये ज्या देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथे आपण दर वर्षी कुटुंबासह वंदनेला जातो. यंदा जाताना पाहावे, की मूल कोणाच्या कडेवर आहे. ते आपण घ्यावे आणि तिला वंदनेला बसू द्यावे.