दोष कुणाचा?

बदलापूरच्या कात्रप भागातील एका घरी नुकतेच जन्मलेले बाळ पाहण्यास आम्ही गेलो होतो. बाळाच्या पाठीचा कणा जन्मतःच उघडा राहिला होता. जमलेल्यांपैकी कुणी ग्रहणात हाती धरलेल्या विळीविषयी बोलले, कुणी देवाच्या शिक्षेचे नाव काढले. बाळंतीण मान खाली घालून ऐकत होती. परतताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला : अशा वेळी दोष कुणाचा म्हणावा?

विज्ञान काय सांगते ते प्रथम पाहू. ज्या नळीतून बाळाचा मेंदू व मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. आपण आई होणार आहोत, हे पुष्कळ स्त्रियांना तोवर ठाऊकही नसते. त्या दिवसांत पेशी विलक्षण वेगाने विभागत असतात आणि प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनए घडवावा लागतो. पेशीच्या चयापचयात या घडणीस हातभार लावते ते फॉलेट हे जीवनसत्त्व. बी-12 कमी पडले, तर असलेले फॉलेटही पेशीत अडकून पडते. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, पूर्वी असे बाळ झालेल्या मातांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले गेले. हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या 6 खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथे फॉलेटची उणीव जवळजवळ नव्हती. मात्र दोन-तृतीयांश मातांत बी-12 कमी होते.

विळी निर्दोष ठरली. परंतु आता "गोळी का घेतली नाहीस?" असे विचारून त्याच आईला पुन्हा आरोपी करण्याचा मोह होईल. तो अन्यायच. सर्वच व्यंगे आहारातून उद्भवत नाहीत. अनुवंशिकता, मधुमेह अशी इतरही कारणे आहेत. शिवाय बी-12 दूध, अंडी, मासळी व मांसातून मिळते. आपल्या घरी रविवारी मटण शिजते. पण सर्वांची पाने उठल्यावर सुनेच्या ताटात काय उरते?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कुणाचे, असे विचारले होते. प्रभूने त्याला दोषी धरले नाही, त्याच्या आईबापांनाही नाही. त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. दोष मागे पाहतो आणि एकाच माणसावर बोट रोखतो. जबाबदारी पुढे पाहते आणि सर्वांच्या वाट्याला येते. मुलीचे ताट तिच्या लग्नाआधीपासून भरलेले असावे, आणि फॉलिक अ‍ॅसिडविषयी डॉक्टरांचा सल्ला गर्भधारणेपूर्वीच घ्यावा, हे विवाहपूर्व शिबिरात नवऱ्या मुलालाही सांगायला हवे.

आणि कात्रपच्या त्या घरी पुन्हा जाऊ, तेव्हा एवढेच विचारू : मुंबईच्या इस्पितळात जाताना, लोकलच्या गर्दीत, बाळाला घ्यायला सोबत कुणी हवे का?