यादी आणि वचन

घरात लग्नाच्या वयाचे मूल असले की आम्ही सारेच थोडेबहुत अर्थशास्त्रज्ञ होतो. शिक्षण, नोकरी, जहाजावरचा पगार, राहते घर यांची मनातल्या मनात बेरीज करतो. हे स्थळ स्वीकारले तर याहून चांगले हातचे जाईल, अशी धास्तीही बाळगतो. निवड करताना जे सोडावे लागते तीच तिची खरी किंमत, हा सिद्धान्त आम्ही न शिकताच जाणतो. तेव्हा १९७३ साली गॅरी बेकर यांनी विवाहाचे विवेचन बाजाराच्या परिभाषेत केले, याचा राग मानण्याचा अधिकार आम्हांस फारसा उरत नाही.

त्याआधी १९६२ साली डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांनी एक मार्मिक प्रश्न सोडविला होता. प्रत्येक वराने वधूंची व प्रत्येक वधूने वरांची पसंतीक्रमाने यादी केली, तर सर्वांच्या जोड्या स्थिर लागतील काय? आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावे असे ज्या दोघांनाही वाटेल, असे कोणीही न उरणे म्हणजे स्थैर्य. अशी जुळणी नेहमीच शक्य असते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत मागणी घालणाऱ्या पक्षाचे हित अधिक साधते. केवळ वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला उणे येते. मुलीने स्थळ येण्याची वाट पाहत बसावे असे मानणाऱ्या आईबापांनी यातून बोध घ्यावा.

परंतु या स्थैर्याला एक अट आहे: यादी बदलता कामा नये. संसारात नेमकी तीच बदलते. नोकरी जाते, मूल होत नाही, अर्धांगवायूने हात लुळा पडतो. ज्या गुणांमुळे पहिला क्रमांक दिला ते गुणच ओसरतात. त्या दिवशी पुन्हा यादी उघडून बसलो, तर कोणते घर टिकेल?

म्हणूनच वेदीपुढे आजारपणातही साथ देण्याचे वचन देतात. ते देणे म्हणजे पुढची तुलना आपण होऊन सोडणे होय. अर्थात, मारझोड सोसणाऱ्या लेकीला ‘वचन पाळ’ म्हणून परत धाडणे हा त्याचा अर्थ नव्हे. वचन दोघांनी दिलेले असते आणि हात उगारणाऱ्याने ते आधीच मोडलेले असते.

स्थळ कसे पारखावे हे आम्ही मुलांना शिकवतो. यादी केव्हा मिटावी, हे शिकवतो काय?