पुण्य पायांत की दर्शनात?

विरार पूर्वेला, फुलपाड्याजवळच्या डोंगरावर जीवदानी देवीचं ठाणं आहे. अश्विनातल्या नवरात्रात हजाराहून अधिक पायऱ्या चढायला भाविकांची रीघ लागते. ऑक्टोबरच्या उन्हात घाम निथळतो.

मग पुण्य चढण्यात की दर्शनात?

1646 मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावरही देवीच आहे. पाय दुखल्याशिवाय नवस फिटत नाही, असं मानणारे पुष्कळ. पण संत सावता माळ्याने अरणचा मळा सोडला नाही. विठ्ठलच त्याला भेटायला आला, असं वारकरी परंपरा मानते.

म्हणून ज्या आजीला पायऱ्या झेपत नाहीत, तिची भक्ती तसूभरही उणी नाही. गुडघे धड असणाऱ्यांनी मात्र चालतच जावं आणि पाण्याची रिकामी बाटली खाली घेऊन यावी.