हन्नाचा झगा



जुन्या करारातील हन्ना आपल्या परिचयाची आहे. देवाकडे रडून मागितलेला शमुवेल दूध तुटताच तिने शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या हाती सोपवला. तिच्या त्यागाचे आपण कौतुक करतो. पण एका लहान गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. दरवर्षी यज्ञासाठी शिलोला जाताना ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून नेत असे. मूल दूर होते, तरी ते किती वाढले असेल याचे माप आईच्या मनात होते.

हे माप सुटले तर? दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधील सुमारे ७० हजार मुले, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून, बहुतांशी स्वीडनला पाठवण्यात आली. हेतू चांगला होता. अनेक घरांनी त्यांना मायेने सांभाळले. पण युद्धानंतर परतलेली कित्येक मुले मायबोली विसरली होती. आईशी बोलायला शब्द उरले नव्हते. हेलसिंकीत १९३४ ते १९४४ या काळात जन्मलेल्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. साठीच्या आसपास पोहोचलेल्या या लोकांपैकी बालपणी आईवडिलांपासून दुरावलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. सगळेच खचले असे नाही. पण जीव वाचला म्हणून मनाची जखम आपोआप भरत नाही.

आपल्याकडेही कुणाचे वडील आखातात, कुणाचे बोटीवर. कुणी लेकरू बोर्डिंगमध्ये, तर कुणी आजीकडे. हौसेने कुणी दूर जात नाही. म्हणून दोष न देता आपण एवढे करू या. मूल झोपेत असताना निघून न जाता त्याला सांगून निघू या. ठरलेल्या दिवशी फोन करू या. नुसते मार्क न विचारता त्याचे ऐकून घेऊ या. सांभाळणाऱ्यांनी आईबाबांचे नाव घरात रोज निघू द्यावे.

आणि कुणी वडीलधारे, ‘कारण नसताना मन भरून येते’ म्हणाले, तर ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ असे आपण म्हणू नये. आम्ही धर्मगुरूंनी तर मुळीच नाही. त्यांच्याजवळ बसू या, प्रार्थना करू या आणि डॉक्टरांकडे जाताना सोबतही करू या. औषध घेणे हा अविश्वास नव्हे.

बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद देणारा प्रभू येशू आपल्या धर्मग्रामातील दूर असलेल्या प्रत्येक लेकराला आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईवडिलांना जवळ घेवो. आमेन.