शंकेचे उत्तरदायित्व

खानदेशातील एरंडोल हे गाव एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होते, आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी हा धंदा मंदावलेल्या अवस्थेत का होईना, पण अद्याप टिकून असल्याची नोंद करून ठेवली आहे. गुरूच्या मुखातून निघालेला शब्द गुरूपासून विलग होऊन, गुरूने कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती जाऊन पडतो, तो कागदामुळेच. म्हणून गुरूच्या सान्निध्यावाचून विद्या मिळते काय, हा प्रश्न संगणकाने प्रथम उपस्थित केला असे समजण्याचे कारण नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसाच्या मुखाने लिखित शब्दावर आक्षेप घेतला, तो हाच की, त्याला काहीही विचारा, तो पहिले तेच पुन्हा सांगतो, आणि कोणापुढे बोलावे व कोणापुढे मौन धरावे हे त्याला कळत नाही.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘स्वयम्’ या नावाने महाजालावरील मुक्त अभ्यासक्रमांचे जे पीठ राष्ट्राला अर्पण केले, त्याच्यामुळे एरंडोलच्या मुलीला घरबसल्या आय.आय.टी.च्या प्राध्यापकाचे व्याख्यान निःशुल्क ऐकता येते. शुल्क द्यावयाचे ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते. तिची जात कोणती, तिच्या वडिलांची ऐपत किती, शहरात वसतिगृहाची तजवीज आहे की नाही, यांपैकी कशाचीही चौकशी तेथे होत नाही. ज्या परंपरेत एकलव्याला गुरूच्या दारातून परत जावे लागले, त्या परंपरेच्या वारसांनी या गोष्टीला केवळ सोय म्हणू नये. ते एका जुन्या अन्यायाचे अंशतः परिमार्जन आहे, आणि म्हणूनच ते अपुरे राहू नये अशी माझी तळमळ आहे.

या अभ्यासक्रमांच्या गुणवत्तेची चर्चा निघाली की लोक प्रथम गळतीचे आकडे पुढे करतात. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली आणि सुमारे २३,००० जणांनी तो पुरा केला. परंतु अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. हवे तेवढे घेऊन निघून जाण्याचा अधिकार श्रोत्याला नेहमीच होता. मला चिंता वाटते ती पुरा करणाऱ्यांची, आणि तिचे कारण छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आहे.

आत्मा म्हणजे काय हे जाणून घेण्यासाठी देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन असे दोघे प्रजापतीकडे आले आणि बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहिले. दोघांना पाठ एकच मिळाला. पाण्याने भरलेल्या पात्रात दोघांनीही आपापले प्रतिबिंब पाहिले, आणि दोघेही संतुष्ट अंतःकरणाने निघाले. विरोचन आपल्या लोकांत पोहोचला व देह हाच आत्मा असे त्याने सांगून टाकले. इंद्र मात्र वाटेतच थबकला: देह अलंकृत झाला की प्रतिबिंब अलंकृत होते, तर मग देह अंध झाल्यावर तेही अंधच व्हावयाचे; यात भोगण्याजोगे मला काही दिसत नाही. तो हातात समिधा घेऊन परत आला, पुन्हा बत्तीस वर्षे राहिला, स्वप्नाविषयीचा पाठ घेऊन गेला, पुन्हा शंका घेऊन आला, आणि अशा रीतीने एकशे एक वर्षांनी त्याचे अध्ययन संपले. विरोचनाने अभ्यासक्रम मुदतीत पुरा केला होता आणि त्याचे समाधानही परिपूर्ण होते. पूर्तता व समाधान यांनाच आपण अध्यापनाच्या गुणवत्तेचे माप ठरविले, तर त्या मापाने विरोचनच उत्तम शिष्य ठरेल, आणि पहिला अपुरा पाठ हाच उत्तम पाठ ठरेल. इंद्राला ज्ञान मिळाले ते शंका घेऊन परत येण्याजोगी जागा होती म्हणून, आणि परत आलेल्याला प्रजापतीने पहिलाच पाठ पुन्हा ऐकण्यास सांगितले नाही म्हणून.

अशी जागा खानदेशात प्रत्यक्ष होती. एरंडोलपासून फार दूर नसलेल्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वचिंतक तेथे येऊन राहिला. तेथीलच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघा अभ्यासकांनी १९३३ साली ‘अज्ञान’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात एकाच विषयावर तिघांची तीन भिन्न मते तिघांच्या स्वतंत्र लेखणीने मांडलेली आहेत. नित्य सहवासात राहून एकमेकांच्या शंका अंगावर घेतल्यावाचून असा ग्रंथ निर्माण होत नाही.

‘स्वयम्’च्या रचनेत व्याख्यान, वाचनसामग्री व स्वयंमूल्यमापन यांच्या जोडीला चर्चेचे चौथे अंग आहे, हे खरे. पण खानदेशी मुलाच्या मनात शंका उठते ती अहिराणीत किंवा मराठीत, आणि इंग्रजी अभ्यासक्रमात ती इंग्रजीत लिहून, हजारो अनोळखी लोकांच्या देखत मांडावयाची असते. एवढ्या प्रवासात ती शंका बहुधा विरून जाते आणि उरते ते पाठ केलेले उत्तर. यात दूरच्या प्राध्यापकाचा दोष नाही, कारण लाखभर श्रोत्यांच्या शंका एकाने ऐकाव्यात ही अपेक्षाच अमानुष आहे. गुरुत्वाची दोन कार्ये, सांगणे आणि ऐकून घेणे, येथे दोन माणसांत विभागली गेली आहेत, आणि दुसऱ्या कार्याचा धनी कोण, हे ठरविणे आपल्या हातात आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांतून मिळविण्याच्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ साली वीस टक्के ठेवली होती, ती २०२१ साली चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविली. एवढा भार उतरल्यावर तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाची गरज कमी झाली असे कोणी मानील, तर तो विद्येशी द्रोह ठरेल. एन.पी.टी.ई.एल. या आय.आय.टी.च्या अभ्यासक्रम-उपक्रमाच्या स्थानिक केंद्रांत मार्गदर्शक नेमण्याची पद्धत आहेच. त्या मार्गदर्शकाचा मुलांसमवेत बसून मराठीत शंका ऐकण्याचा वेळ व्याख्यानाच्या तासाइतकाच अध्यापनात धरला जावा, वेतनाच्या व कार्यभाराच्या दफ्तरात तो तसाच नोंदला जावा, आणि मुलाने आणलेल्या शंकेचे उत्तर आपल्यापाशी नसेल तर ती योग्य भाषेत मांडून मूळ अध्यापकापर्यंत पोहोचविण्याचे काम त्याच्याकडे असावे.