हजेरीपटाबाहेरची माणसे

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, एखाद्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात किंवा क्लबच्या स्वतःच्या वास्तूत, आठवड्यातील ठरलेल्या वारी सायंकाळी भरणारी रोटरी क्लबची सभा हा नीतिविचाराचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण बाहेरच्यांच्या लेखी ती एक तर प्रतिष्ठितांची जेवणावळ असते किंवा वृत्तपत्राच्या स्थानिक पानावर झळकणाऱ्या वाटपाच्या छायाचित्रापुरतीच उरते. तरीही व्यापारी, डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक अशी मंडळी आपापल्या व्यवसायाबाहेरच्या माणसांचे काही भले व्हावे म्हणून नेमाने एकत्र बसतात, तेव्हा सेवा करणाऱ्याने स्वतःला कशाने बांधून घ्यावे, आणि ज्याची सेवा करायची त्याला त्या निर्णयात काही जागा असावी की नाही, हे दोन जुने प्रश्न त्या सभागृहात आपोआप येऊन बसतात. त्यांपैकी पहिल्या प्रश्नाला या सभेने बरे उत्तर दिले आहे. दुसऱ्याकडे तिचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

सभेचा क्रम थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखाच असतो. गळ्यात पदाची कॉलर घातलेले अध्यक्ष टेबलावरच्या घंटेवर टोला देऊन सभा सुरू झाल्याचे जाहीर करतात, राष्ट्रगीत होते, त्या आठवड्यात येणारे सदस्यांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस वाचून दाखवले जातात, सचिव निवेदने करतात, मग पाहुण्यांचा परिचय, व्याख्यान, दोन-चार प्रश्न, आभारप्रदर्शन, पुन्हा घंटा आणि शेवटी ‘फेलोशिप’, म्हणजे रोटरीच्या बोलीत सदस्यांमधील स्नेह वाढवणारे एकत्र जेवण. हजेरीची काळजी मात्र एखाद्या शाळेनेही घेऊ नये इतकी घेतली जाते. परगावी असलेला सदस्य तेथील क्लबच्या सभेला बसून आपली चुकलेली हजेरी भरून काढू शकतो, आणि या सोयीला ‘मेक-अप’ असे नाव आहे. त्यामुळे कामानिमित्त नाशिकला गेलेला सोलापूरचा सदस्य तेथील अनोळखी मंडळींत जाऊन बसतो, ही या संघटनेतील नेहमीची बाब. दर तीन वर्षांनी भरणारी आणि रोटरीचे नियम ठरवणारी विधी परिषद 2016 मध्ये भरली, तेव्हा आठवड्याच्या सभेची सक्ती सैल होऊन महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा क्लबांना मिळाली. ही सवलत व्यवहाराला धरून असली, तरी आठवड्याच्या नेमात जे होते ते कमी मोलाचे नव्हते.

दया ही भावना आहे आणि भावना कोणत्याही वाराला बांधलेली नसते. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर किंवा 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेल्यावर मदतीचे ट्रक राज्याच्या कानाकोपऱ्यातून निघाले. पण काहीही घडलेले नसताना, बातमी नसताना, कोणी हाक मारलेली नसताना, दर मंगळवारी साडेसात वाजता दुकान नोकरावर सोपवून निघायला जी गोष्ट लागते ती दया नसून नेम होय. महाराष्ट्राला हा नेम नवा नाही. वारकऱ्याची एकादशी पंधरवड्याने येते आणि ती पाळताना मन लागले आहे की नाही याची चौकशी कोणी करत नाही. 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानेही साप्ताहिक उपासनेला असेच महत्त्व दिले. मन मागाहून येते, आधी माणूस यावा लागतो, ही समजूत दोहोंच्या मुळाशी आहे.

या नेमाचे मोल ठरवताना 1905 या सालाकडे पाहावे लागते. त्या वर्षी 23 फेब्रुवारीला शिकागोमध्ये पॉल हॅरिस या वकिलाने कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपीकामाचा व्यावसायिक अशा तिघांना एकत्र बसवले आणि रोटरीची पहिली सभा झाली. त्याच वर्षी 12 जूनला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. दोहोंत अंतर जमीन-अस्मानाचे. गोखल्यांच्या समाजात येणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्तीचा कोणताही भाग खर्च करणार नाही आणि संस्था देईल तेवढ्यात कुटुंब चालवीन, हे त्यांत स्पष्टच होते. रोटरीने मागितला तो आठवड्यातला एखादा तास, आणि तोही पोटापाण्याचा उद्योग सांभाळून. पहिला मार्ग थोर यात वाद नाही, परंतु समाजातील बहुसंख्य माणसे गोखल्यांच्या वाटेने जाणार नाहीत हे मान्य केले, तर अशा सामान्य, कमावत्या, थोड्या स्वार्थी आणि थोड्या भल्या माणसाकडून सेवेचे काही काम नियमाने कसे करून घ्यावे, या प्रश्नाला साप्ताहिक सभेहून सोपे उत्तर अद्याप सापडलेले दिसत नाही.

थोड्या स्वार्थी, असे म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. शिकागोच्या त्या क्लबात आरंभी सेवेचा मागमूस नव्हता. सदस्यांनी एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यावे हा उघड हेतू होता, आणि कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवणारा एक स्वतंत्र पदाधिकारीही होता. 1906 मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाला सदस्यत्व देऊ केले गेले, तेव्हा केवळ आपल्याच सदस्यांचा लाभ पाहणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही, असे सांगून त्याने ते नाकारले. पुढे धोरण बदलण्याच्या बोलीवर तो आत आला, आणि 1907 मध्ये या क्लबाने शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून खटपट केली, ते त्याचे पहिले लोकोपयोगी काम ठरले. सेवेचा मार्ग क्लबाला दाखवला तो असा, दारात उभे राहून आत येण्यास नकार देणाऱ्याने, ही गोष्ट पदग्रहण समारंभातील भाषणांत अधिक वेळा सांगितली जायला हरकत नाही.

अनेक क्लबांत सभेत जी ‘फोर वे टेस्ट’ म्हटली जाते, म्हणजे बोलण्याची व करण्याची पारख चार प्रश्नांनी करणारी कसोटी, तिचा उगमही व्यापारातला आहे. 1932 मध्ये शिकागोच्या क्लब ॲल्युमिनियम या भांडी बनवणाऱ्या, दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या कंपनीची सूत्रे हाती घेणाऱ्या हर्बर्ट टेलर यांनी ती आपल्या कामासाठी तयार केली, आणि रोटरीने 1943 मध्ये ती स्वीकारली. गोष्ट खरी आहे का, संबंधित सर्वांना न्याय्य आहे का, तिने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, आणि ती संबंधित सर्वांच्या हिताची आहे का, असे ते चार प्रश्न आहेत. पहिल्याच प्रश्नाने टेलर यांच्या जाहिराती अडल्या. आपली भांडी सर्वोत्तम आणि अव्वल आहेत हे सिद्ध करता येत नाही म्हणून अशी विशेषणे त्यांनी काढून टाकली आणि मालाची साधी माहिती तेवढी ठेवली. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला आजची सभा ऐकताना गंमत वाटल्यावाचून राहत नाही, कारण कसोटी म्हणून होते न होते तोच पाहुण्यांच्या परिचयात त्यांची कीर्ती सातासमुद्रापार पोहोचते आणि 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपणारे रोटरीचे प्रत्येक वर्ष क्लबच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी वर्ष ठरते. हा दोष किरकोळ आहे, कोणाचे फारसे बिघडत नाही. अधिक गंभीर अडचण दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांत आहे, कारण संबंधितांत कोणाकोणाला धरायचे हे प्रश्न विचारणाराच ठरवतो.

रोटरीच्या स्वतःच्या घरात संबंधितांच्या या वर्तुळाबाहेर प्रदीर्घ काळ स्त्रिया होत्या. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबाने 1977 मध्ये स्त्रियांना सदस्य करून घेतले तेव्हा पुढच्याच वर्षी त्या क्लबाची मान्यता काढून घेण्यात आली. वाद न्यायालयात गेला, 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल स्त्रियांच्या बाजूने दिला आणि 1989 मध्ये जगभरच्या क्लबांची दारे उघडली. ती सर्व वर्षे सर्वांना न्याय्य काय याची कसोटी सभांमधून म्हटली जातच होती, आणि म्हणणाऱ्यांत लबाड माणसे फार असतील असे मानण्याचे कारण नाही. समोर नसलेला माणूस हिशोबात येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आज असा समोर नसलेला माणूस म्हणजे लाभार्थी, ज्याच्यासाठी प्रकल्प असतो तो. चाकाच्या खुर्चीच्या वाटपाचे छायाचित्र नीट पाहावे: एका खुर्चीच्या दांडीवर सहा-सात हात, मागे फलक, पुढे गुच्छ, आणि मधोमध बसलेला माणूस नेमके कोणत्या कॅमेऱ्याकडे पाहायचे हे न कळल्यामुळे भलतीकडेच पाहत असलेला. त्याच्या घराला उंबऱ्याआधी तीन पायऱ्या आहेत की नाहीत आणि घरापुढची गल्ली पावसाळ्यात चिखलाची होते की नाही, हे त्याला ठाऊक असते. सभेत मात्र खुर्चीची किंमत ठरलेली असते आणि संख्या ठरलेली असते. शाळेत हात धुण्यासाठी तोट्यांची रांग बसवताना टाकीत पाणी कोण आणि कोठून भरणार, हा प्रश्न शाळेच्या शिपायाने पहिल्या मिनिटाला विचारला असता, पण शिपाई सभेला नसतो.

या बाबतीत पुण्याचा एक जुना दाखला विचार करण्यासारखा आहे. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदाला किमान पन्नास माणसांनी सही करून दिलेले मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा लेखी अधिकार, आणावा लागे. सभासद बहुतेक प्रतिष्ठितच होते, परंतु लोकांच्या वतीने बोलायचे तर आधी त्या लोकांच्या दारी जावे लागते हे नियमातच असल्यामुळे 1876 च्या दुष्काळात तालुक्या-तालुक्यातून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडणे सभेला जमले. रोटरीची तुलना राजकीय सभेशी पूर्णपणे होणार नाही. तरी कोणाच्या सांगण्यावरून, या प्रश्नातून सेवासंस्थेला सूट मिळण्याचे कारण दिसत नाही.

दार ठोठावल्याने काय होते याचे उदाहरण रोटरीकडेच आहे. 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘पोलिओप्लस’ मोहिमेने सभागृहातील मंडळींना सरकारी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने मुलांच्या डाव्या करंगळीवर शाई लावत हिंडायला लावले, आणि उत्तर प्रदेश व बिहारमध्ये अनेक घरांतून त्यांना उलट प्रश्न आले: थेंब पुन्हा पुन्हा देता, मग पाणी का नाही, गटार का नाही, दवाखान्यात डॉक्टर का नाही? नकार देणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे होते. तसे न करता वस्त्यांत आरोग्य शिबिरे भरली, धर्मगुरूंना विश्वासात घेतले गेले आणि अतिजोखमीच्या 107 विकासगटांत लसीबरोबर स्वच्छता आणि अतिसारावरील उपचार यांचीही सांगड घालण्यात आली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशाचे श्रेय अनेकांचे आहे, परंतु त्यातला एक वाटा, उलट प्रश्न विचारणाऱ्या त्या घरांतील आयांचाही धरला पाहिजे.

रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या निधिसंस्थेने लोकांना आधी विचारण्याच्या या गरजेची दखल नियमांत घेतलेली आहे. दोन देशांतील क्लबांनी मिळून करायच्या, किमान 30,000 डॉलर खर्चाच्या लोकोपयोगी प्रकल्पासाठी ‘ग्लोबल ग्रँट’ मागायची असेल, तर त्या वस्तीतील लोकांशी बोलून त्यांची गरज काय याची पाहणी आधी करावी लागते आणि तिचा अहवाल अर्जासोबत द्यावा लागतो. साप्ताहिक सभेत सदस्यांच्या खिशातून उभ्या राहणाऱ्या शाळेच्या दहा बाकांना असा काही नियम लागत नाही. तिथे मुख्याध्यापकांशी फोनवर बोलणे झालेले असते, आणि बाके सुताराकडून निघण्याआधीच त्यांच्या पाठीवर क्लबचे नाव कोणत्या रंगात यायचे हे ठरलेले असते.